मोगऱ्याला नुसती पानं, कळी नाही: माझा अनुभव

दक्षिणेकडच्या गॅलरीत जुईचा वेल आणि मोगरा, दोन्ही 12 इंची कुंड्यांत. जुई पावसाळ्यात लगडायची. मोगरा दोन उन्हाळे नुसता हिरवागार. शेणखत वाढवलं, युरिया दिला (पानं आणखी माजली), कुंडी बदलली. वैताग आला होता.

चूक मांडणीत होती. वेल गजांवर चढून आपलं ऊन आपण शोधतो. मोगरा झुडूप, ठेवाल तिथेच राहतो. माझा होता जुईच्याच सावलीत.

जानेवारीअखेर केलं ते असं. आधी कुंडी सहा तास थेट ऊन लागेल अशा कोपऱ्यात हलवली. मग आठ दिवस पाणी तोडलं, पानं जरा मलूल होईपर्यंत. त्यानंतर सगळ्या फांद्या निम्म्यावर छाटल्या, उरलेली पानं हाताने काढली. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटताना हात आखडू नका. शेवटी वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी शेणखत, एक चमचा हाडांचा चुरा मिसळला आणि भरपूर पाणी दिलं. युरिया बंद.

पंधरा दिवसांत फूट, मार्चअखेर पहिल्या कळ्या. जुईला मात्र कात्री लावली नाही, फक्त तिची दोरी दुसऱ्या बाजूला वळवली.