टपोरी गाणी, भारी स्पीकर: लपूनछपून ऐकायची गाणी घरच्या सिस्टिमवर नीट कशी लावायची

प्रत्येकाकडे अशी वीस-पंचवीस गाणी असतातच जी चारचौघांत कबूल करायची नसतात. कुणी विचारलं की आपण किशोरीताई सांगतो, पंचम सांगतो, अगदीच इम्प्रेस करायचं असेल तर पिंक फ्लॉइड, आणि घरात कुणी नसलं की मग सुरू होतात बप्पीदा, हिमेश, अल्ताफ राजा, आनंद शिंदेंची कॅसेटवाली गाणी, वरातीतला बेंजो. आणि ऐकतो कशावर, तर मोबाइलच्या स्पीकरवर नाहीतर किचनमधल्या त्या डबड्या ब्लूटूथवर, हॉलमधली सिस्टिम मात्र "चांगल्या" गाण्यांसाठी राखीव, पाहुण्यांच्या कपबशांसारखी. माझं म्हणणं एकदम उलट आहे, जे गाणं तुम्ही रोज गुणगुणता त्याच्यासाठी सिस्टिम लावा, वर्षातून एकदा मित्रांसमोर लावायच्या गाण्यासाठी नको. आता ते करायचं कसं ते सांगतो.

खरेदीपासूनच सुरू करू. लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर मोठ्या शोरूमला, डेमोला बहुतेक ठिकाणी एखादी बाई हळू आवाजात गिटारवर गातेय असलंच काहीतरी लावतात. ते कुठल्याही स्पीकरवर छानच वाटतं, त्यावरून काही कळत नाही. तुम्ही तुमची गाणी घेऊन जा आणि बिनधास्त लावायला सांगा, सेल्समन हसला तर हसू दे, पैसे आपले चाललेत. हिमेशची २००५-०६ च्या सुमाराची गाणी यासाठी एक नंबर, कारण तो आवाज सगळा वरच्या मिडरेंजमध्ये (मधल्या सुरांच्या वरच्या भागात) पुढे ढकललेला असतो, ज्या स्पीकरचा ट्वीटर (बारीक, वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) जरा कडक आहे त्यावर अर्ध्या मिनिटात कान किटतात आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. ज्या स्पीकरवर पूर्ण गाणं ऐकून वर "अजून एक लावा" वाटलं, तो आपला. फार डिटेल दाखवणारे महागडे स्पीकर असल्या गाण्यांची सालं काढतात, म्हणून थोडा मऊ, माफ करणारा आवाज बघा, बजेट वाचलं तर ते स्टँडवर घाला.

ॲम्प (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) घेताना एकच हट्ट धरा: बेस-ट्रेबलची (खालच्या-वरच्या सुरांची) बटणं हवीत, आणि लाउडनेस (हळू आवाजात बेस-ट्रेबल भरून काढणारी सोय) असेल तर सोन्याहून पिवळं. शुद्धतावादी लोक टोन कंट्रोल म्हटलं की नाक मुरडतात, त्यांना मुरडू दे. आपला कान कमी आवाजात बेस आणि ट्रेबल कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं, म्हणजे रात्री हळू लावलं की डिस्कोचा सगळा दम निघून जातो तो गाण्याचा दोष नसतो. यामाहाच्या ए-एस ३०१, ५०१ वगैरे ॲम्पवर लाउडनेसचं वेगळं फिरवायचं बटण आहे, ते वापरायची पद्धत जरा उलटी आहे: लाउडनेस फ्लॅटवर ठेवून आधी मेन व्हॉल्यूम तुमच्या जास्तीत जास्त आवाजाला सेट करायचा आणि मग आवाज कमी करायचा तो लाउडनेसच्या बटणानेच, म्हणजे आवाज उतरताना गाण्याचा भरीवपणा तेवढाच राहतो.

आता सोर्स. यूट्यूबवरचा सिनेमातला व्हिडिओ आणि अल्बमचं ऑडिओ गाणं यात बऱ्याचदा फरक असतो, व्हिडिओत मधेच ढिशुम, मधेच डायलॉग, कडवं कापलेलं, तर शक्यतो अल्बमवालं शोधा. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, तेवढा मिळाला की आपल्या कामाला भरपूर झालं, त्याच्यावरच्या हाय-रेझच्या (सीडीपेक्षा मोठ्या) आकड्यांमागे या गाण्यांसाठी धावू नका. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेलं गाणं) आहे. फोनवरून ब्लूटूथ लावण्यापेक्षा एक छोटा यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचं ॲम्पला कळणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी) घ्या आणि वायर लावा, ब्लूटूथमध्ये एलडॅक (गाणं दाबून पाठवायची चांगली पद्धत) चांगला चालला तर ९९० केबीपीएसपर्यंत जातो हे खरं, पण बरेच जुने रिसीव्हर एसबीसी या साध्या पद्धतीवरच बोलतात आणि टाळ्या, झांजा, खुळखुळा असलं काही आलं की आवाज पाण्यात भिजल्यासारखा होतो.

खरी गंमत व्हर्जनची आहे. एकाच गाण्याच्या तीन-चार कॉप्या अॅपवर असतात, ओरिजिनल, रीमास्टर, कुठल्यातरी "सुपरहिट्स"मधली आणि झंकारवाली. रीमास्टर बघून हुरळून जाऊ नका, कित्येकदा नुसता आवाज दाबून मोठा केलेला असतो, ढोलकीचा ठोका आणि आवाज एकाच पातळीवर येऊन भिंत उभी राहते. हे तपासायचं सोपं आहे, दोन्ही कॉप्या एकसारख्या आवाजाला आणा (स्पॉटिफायचं नॉर्मलायझेशन, म्हणजे गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय, चालू ठेवलं की ते सगळं -१४ लुफ्स या आवाजाच्या मापाच्या आसपास आणतं, तेवढं पुरतं) आणि मग कुठल्या कॉपीत ठोका अंगावर येतो ते बघा. नव्वदीच्या सुरुवातीच्या ओरिजिनल सीड्या रद्दीवाल्याकडे, चोर बाजारात दिसल्या तर सोडू नका, त्यात गाण्याला श्वास घ्यायला जागा असते.

आणि झंकार. यावर मी जरा जास्त बोलणार. कॅसेटच्या जमान्यात तयार गाण्यावर वरून ऑक्टोपॅडचे (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडचे) ठोके आणि इको चढवून परत विकायची टूम निघाली, रोलंडचा ऑक्टोपॅड १९८५ चा, त्यानंतर ऑर्केस्ट्रापासून गणपतीच्या मंडपापर्यंत तो सगळीकडे पोचला. रिक्षात हे गाणं जबरदस्त वाटायचं. चांगल्या सिस्टिमवर मात्र दोन थर सुटे सुटे दिसतात, मागे मूळ गाणं, त्याचा तबला, त्याचा स्वतःचा इको, आणि पुढे वेगळ्याच खोलीत बसून कुणीतरी ढिशक्यांव ढिशक्यांव करतोय, आणि नीट कान दिला तर वरचा ठोका खालच्या तबल्याच्या कणभर आधी किंवा नंतर पडलेलाही सापडतो. काहींना हे ऐकून कसंतरी होतं. मला तर त्यातच मजा येते, पण तुम्हाला त्रास होत असेल तर सोपा उपाय, झंकारवालं गाणं ट्रेबल दोन काटे उतरवून आणि स्पीकरपासून जरा लांब बसून ऐका, किंवा सरळ दुसऱ्या खोलीतून. ते बनलंच आहे लांबून ऐकायला.

रूमबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि तिथेच सगळं बिघडतं. आपली खोली साधारण १० बाय १२. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो, बारा फुटांत ४७ ला, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर ते ५९ च्या आसपास, म्हणजे नेमक्या डिस्कोच्या किक ड्रमच्या जागेवर तिन्हीकडून जोर. मग "ढप्प" ऐवजी "ढूंऽऽऽम" येतं आणि आपण म्हणतो गाणंच चीप आहे. तर करायचं काय: स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, मागच्या भिंतीपासून निदान दीड फूट, दोन स्पीकरमध्ये साडेपाच-सहा फूट आणि तुमच्या डोक्यापर्यंतही तेवढंच, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या, ट्वीटर कानाच्या उंचीला. मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसू नका, तिथे बेस साठतो, आणि खोलीच्या बरोब्बर मधोमधही नको, तिथे तो गायब होतो. स्पीकरच्या मागे भोक असेल आणि तरीही घुमत असेल तर त्यात पायमोजा कोंबा, धुतलेला, हसण्यासारखं काही नाही, कंपन्या याच कामासाठी फोमचे बोळे देतात. गादी, जाड पडदा, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी वरचा कर्कशपणा कमी होतो पण खालच्या घुमण्याला त्यांचा उपयोग नाही, त्याला जागा बदलणं हाच उपाय.

एक काम मात्र नक्की करा, फोनवर टोन जनरेटर (एकच सूर वाजवत ठेवणारं ॲप) टाकून, फोन सिस्टिमला जोडून ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवत जा आणि घरभर फिरा. शोकेसची काच एका ठिकाणी किणकिणते, पंख्याची वाटी दुसऱ्या, लोखंडी कपाटाचं दार, ट्यूबच्या पट्टीवरचं कव्हर, देवघरातली समई, प्रत्येकाचा आपला एक सूर ठरलेला असतो आणि तो आला की ते लगेच साथीला बसतं. काचेच्या कडेला फेल्टची बटणं, वाटीचा स्क्रू घट्ट, दाराला दुमडलेला पुठ्ठा, तासाभराचं काम आहे आणि एवढ्याने जो फरक पडतो तो हजारो रुपयांच्या वायरीने पडत नाही.

मग ऐकायचं काय? हळूहळू कळतं की आपण ज्याला फालतू म्हणत होतो त्यात वाजवणारे अजिबात फालतू नव्हते. १९८२ चा डिस्को डान्सर घ्या, बप्पीदांच्या सोन्याच्या साखळ्यांवर हसणारे खूप भेटतील, पण एकदा बेस गिटारवर लक्ष ठेवून ऐका, तो माणूस कसा चालतोय ते बघा. अल्ताफ राजाचं १९९७ चं ते परदेसीवालं गाणं टाळ्यांसाठी ऐका, टाळी हा ट्वीटरचा फार कडक पेपर आहे, तळहातावर तळहात ऐकू आला तर पास, नुसतं फटाफट कागद फाटल्यासारखं आलं तर स्पीकर जरा बाहेर वळवा, तोंडावर रोखू नका. कॅसेटवाल्या जुन्या लोकगीतांत ढोलकीची शाई आणि चाट दोन्ही कळली पाहिजेत. आणि सैराटच्या (२०१६) संगीतासाठी सिंफनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केलाय, त्याच अल्बममध्ये झिंगाट आहे, म्हणजे वरातीत घाम गाळून नाचलेलं गाणं एकदा खुर्चीत बसून ऐकायला हरकत नाही, किती थर आहेत ते नाचताना कुठे कळतं. सगळंच चांगलं निघेल असं मात्र नाही, घरगुती सॉफ्टवेअरवर केलेली काही डीजे मिक्स चांगल्या सिस्टिमवर अक्षरशः फाटतात, ती गाडीसाठी ठेवा.

आवाज किती? दिवसा रहिवासी भागात ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ ही सरकारी मर्यादा आहे, पण शेजारी डेसिबल मोजत नाहीत, ते बेस मोजतात. भिंतीतून शब्द जात नाहीत, ढुम ढुम जातं. सबवूफर (फक्त खालच्या बेसचा वेगळा स्पीकर) असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे त्याने कुठल्या सुराखालचं वाजवायचं ती हद्द, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि सबच्या खाली जाड रबराची मॅट टाका, रात्री साडेनऊनंतर सब बंदच करा आणि तो लाउडनेसचा काटा वापरा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून ठेवलेलं बरं, दुपारी त्या कधी झोपतात ते कळतं, आणि बऱ्याचदा असंही निघतं की त्यांना तेच गाणं आवडतं, मग त्याच फर्माइश करायला लागतात.

आणि हो, फॅमिली प्लॅनवर आपलं प्रोफाइल वेगळं ठेवा, नाहीतर सकाळी बाबांनी भूपाळी लावली की त्यामागून ऑटोप्लेमध्ये थेट हळदीतला डीजे सुरू होतो.