वक्र अवकाशकालात क्लाइन-गॉर्डन सोडवताय? या चुका टाळा

स्पिन शून्य असलेल्या कणाचं समीकरण, म्हणजे 1926 चं क्लाइन-गॉर्डन, सपाट अवकाशात हातचा मळ वाटतं. वक्र अवकाशकालात आणलं की उत्तरं भलतीकडे पळतात. चूक बहुधा पहिल्या पानावरच असते.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे जुनं मेट्रिक (अवकाशकालातलं अंतर मोजायचा नियम) खोडून नवं लिहिलं की झालं, असं समजणं. तसं नाही चालत. मेट्रिकच्या निश्चायकाचं चिन्ह बदलून वर्गमूळ घ्यायचं, आतल्या डेरिव्हेटिव्हला त्याने गुणायचं, मग बाहेरची डेरिव्हेटिव्ह आणि शेवटी त्याच वर्गमुळाने भागाकार. प्रसरण पावणाऱ्या सपाट विश्वात हे वर्गमूळ म्हणजे स्केल फॅक्टरचा (विश्व किती पसरलंय ते सांगणाऱ्या गुणकाचा) घन. त्यातूनच 'तीन एच गुणिले क्षेत्राचा वेग' हे घर्षणासारखं पद येतं (एच म्हणजे हबल दर). हे पद गाळून मी आठवडाभर कोडमधला बग शोधत बसलो होतो.

दुसरा घोळ चिन्हांचा. मेट्रिक एका पुस्तकातून, समीकरण दुसऱ्यातून, आणि रिची अदिशाचं (वक्रता सांगणाऱ्या राशीचं) पद उलटं बसतं. डी सिटर विश्वात, म्हणजे एच स्थिर ठेवून पसरणाऱ्या विश्वात, 1/6 जोडणीमुळे (क्षेत्र आणि वक्रता जोडणाऱ्या पदाचा गुणक) वस्तुमानाच्या वर्गात 2 एच-वर्ग मिळवले जातात. चिन्ह उलटलं तर तेवढेच वजा होतात आणि वस्तुमानहीन क्षेत्र उगाच फुगत सुटतं. तपासायची सोपी युक्ती आहे. क्षेत्राला स्केल फॅक्टरने गुणा आणि कॉन्फॉर्मल काळ (काळाचा प्रत्येक तुकडा स्केल फॅक्टरने भागून मोजलेला) वापरा. वस्तुमान शून्य असेल तर स्केल फॅक्टरची दुसरी डेरिव्हेटिव्ह असलेली दोन्ही पदं एकमेकांना खातात, साधा आंदोलक उरतो. नाही उरला तर चिन्हं पुन्हा बघा. आणि हो, 1/6 फक्त चार मितींसाठी. तीन मितींत 1/8, दोनमध्ये शून्य.

क्षेत्राच्या वर्गाला संभाव्यता म्हणू नका. या समीकरणातून निघणारी घनता ऋणही होऊ शकते.

'इथे कण किती?' हा प्रश्नही जपून विचारा. निर्वात, म्हणजे एकही कण नसलेली अवस्था, एकच नसतं. विश्व पसरताना कण निर्माण होतात, हे भौतिकशास्त्रज्ञ लेनर्ड पार्कर यांनी 1960 च्या दशकातच दाखवलं. आधीचे आणि नंतरचे मोड (क्षेत्राच्या मूळ लहरी) जोडणारे बोगोल्यूबोव्ह गुणांक काढलेत की त्यांच्या परिमाणांच्या वर्गांची वजाबाकी 1 येते का बघा. हळूहळू सरकत असेल तर स्टेप लहान करा. बेरीज 1 येत असेल तर तुम्ही फर्मिऑनचं (इलेक्ट्रॉनसारख्या, अर्ध्या स्पिनच्या कणांचं) सूत्र उचललंय.