आईच्या घशातल्या पिशवीचं ऑपरेशन, आता दुसऱ्यांदा जाताना

मागच्या खेपेला रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला गेलो, ॲडमिट झालो आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन न होताच परत आलो, तेही माझ्यामुळे, म्हणून यावेळी लिहून काढतोय. आधार, पैसे, कपडे हे सांगायला नको. बेरियमच्या एक्सरेची फिल्म नुसत्या रिपोर्टवर भागत नाही म्हणून घ्यायचीच. ईसीजी, शुगर, फिटनेस झालंय.

आता मुख्य. आईला झेंकर्सची पिशवी आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू वेळेवर सैल पडत नाही, त्याच्या वर मागच्या बाजूला घशाचं अस्तर फुगतं आणि खाल्लेलं तिथे साठून राहतं. रात्री बारानंतर काही नको म्हणाले, ते आम्ही पाळलं. पण रात्री आठ वाजता उकड्या तांदळाची पेज दिली, कारण आई म्हणाली, "पेज कसली रे जड, पाणीच ते." सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरताना तिच्या तोंडातून अख्खी शितं आली आणि आदल्या दुपारच्या पिठीतलं कढीपत्त्याचं पान, जसंच्या तसं. भुलीच्या डॉक्टरांनी तिथेच थांबवलं, बेशुद्धीत ते वर येऊन श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया. पोट रिकामं म्हणजे पिशवी रिकामी नाही! यावेळी दोन दिवस आधीपासून फक्त नितळ पातळ सांगितलंय (तुमच्या डॉक्टरांना तुम्ही विचारा). म्हणजे पेजेवरची निवळ, शीत एकही नाही. कुळथाची पिठी नाही, मऊभात नाही, मावशीने प्रेमाने आणलेलं काहीही नाही. मावशीला आधीच फोन करून सांगायचं. आईला रोज सांगायचं. शीत नाही.

गोळ्यासुद्धा पिशवीत अडकतात, तेव्हा बीपीची गोळी कशी द्यायची ते विचारून ठेवायचं, मनाने कुटायची नाही, काही गोळ्या कुटून चालत नाहीत. रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची ते हार्टवाले आणि सर्जन ठरवतील, आपण नाही.

कवळीचा डबा. तोंडातून दुर्बीण घालून पिशवी आणि अन्ननलिकेमधली भिंत स्टेपलरने कापणार, त्यातच तो स्नायूही सुटतो. पण त्यासाठी तोंड मोठं उघडायला आणि मान मागे जायला पाहिजे, आईची मान आखडलेली आहे हे आधीच बोलायचं, नाही जमलं तर बाहेरून मानेतून करतात आणि त्यात आवाज बसायचा धोका असतो, सही करण्याआधी हे आईलाही कळलं पाहिजे.

पावसाचे दिवस, घाटात दरड आली तर? एक दिवस आधी निघायचं, डबा माझ्यापुरता, तिच्यासमोर उघडायचा नाही.

नंतरचं थोडक्यात. ताप, छातीत दुखणं, मान सुजून दाबल्यावर कातडीखाली चुरचुर वाजणं, यातलं काही झालं तर रात्री दोनला पण नर्सला उठवायचं. सांगतील तितके दिवस पातळ, मग मऊ. तळलेले बोंबील विचारूच नये. घरी उशी उंच. आणि जायच्या आधी, परत एकदा, शीत नाही.