‘समान हित’ म्हणजे काय? प्रातिनिधिक दावा लावण्यापूर्वी

एकाच तक्रारीसाठी शेकडो लोकांना न्यायालयात जायचे असेल, तर सर्वांच्या वतीने एक-दोघांना दावा चालवता येतो; यालाच प्रातिनिधिक दावा म्हणतात. मात्र त्या सर्वांचे हित समान असावे, अशी अट दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश १, नियम ८ मध्ये आहे. या संकल्पनेचे मूळ इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात आहे. वादाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला पक्षकार करावे, असा तेथील दंडक होता; परंतु माणसे फार असली की तो पाळताना दावाच अडून बसे, म्हणून समान हित असलेल्यांपैकी काहींनी इतरांच्या वतीने उभे राहण्याची सवलत रूढ झाली.

सर्वांना हवी असलेली दाद एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे का, हे आधी तपासावे. दाव्याचे कारण, म्हणजे ज्या घटनेमुळे दावा लावण्याचा हक्क मिळतो ती, प्रत्येकाची एकच असण्याची गरज नाही. १९७६ च्या दुरुस्तीने जोडलेले स्पष्टीकरण तसे सांगते. तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाने घरे मिळालेल्यांकडून जादा रक्कम मागितली आणि प्रत्येकाला वेगळी मागणी नोटीस दिल्यामुळे एकत्र दावा चालणार नाही, असा बचाव केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तो फेटाळला, आणि माझ्या मते ‘समान हित’ या संज्ञेचा खरा आशय याच निकालातून कळतो. याउलट, ब्रिगेड एंटरप्रायझेस या बांधकाम कंपनीच्या २०२१ च्या प्रकरणात सर्व सदनिकाधारकांचे हित समान कसे, हे ग्राहक तक्रारीत पुरेसे मांडलेलेच नव्हते आणि ताबा देण्यातील विलंबही सर्वांच्या बाबतीत सारखा नव्हता. त्यामुळे ती प्रातिनिधिक तक्रार म्हणून टिकली नाही, तक्रारदारांपुरती संयुक्त तक्रार म्हणून चालू राहिली.

म्हणून ‘आमचे हित समान आहे’ एवढेच लिहून थांबू नये. गटात कोण येतात, सामाईक प्रश्न कोणता आणि दाद सर्वांना कशी लागू पडते, हे वादपत्रात तथ्यांसह मांडावे आणि न्यायालयाच्या परवानगीसाठी अर्ज करावा. त्यानंतर वादीच्या खर्चाने सर्व संबंधितांना नोटीस जाते. व्यक्तिशः बजावणे शक्य नसल्यास जाहीर नोटीस काढली जाते. हा टप्पा अतिशय गांभीर्याने घ्यावा, कारण हुकूमनामा गैरहजर असलेल्यांवरही बंधनकारक ठरतो. ज्याला स्वतः बाजू मांडायची आहे, त्याला पक्षकार होण्यासाठी अर्ज करता येतो. संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय दावा मागे घेता येत नाही किंवा त्यात तडजोडही करता येत नाही. प्रतिनिधी दावा तत्परतेने चालवत नसेल, तर न्यायालय त्याच्या जागी समान हित असलेल्या दुसऱ्या व्यक्तीस आणू शकते.