रस्त्यावरचे फोटो: आधी जागा धरा, मग माणसं
कॅमेरा घेऊन अख्खं नागपूर पालथं घातलं, तरी सुटे फोटोच हाती लागतात. मालिका बनत नाही. म्हणून एकच जागा धरा: बडकस चौक किंवा इतवारीतली एखादी गल्ली. महिनाभर, आठवड्यातून दोनदा, सकाळचं ऊन तिरपं असतानाच.

१. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) २८ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो.

२. ऑटोफोकस बंद, फोकस ३ मीटरवर. दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं जवळपास सगळं स्पष्ट येतं: तर्रीच्या गंजावरची वाफ आणि मागची सायकलही. गर्दीत धक्का लागून फोकस रिंग हलते, फोटो धूसर येतात. तिला टेपचा तुकडा लावाच.

३. उन्हाच्या पट्ट्यावर कॅमेरा रोखा, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे निम्म्यावर) कमी करा आणि माणूस त्यात येईपर्यंत थांबा.

लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका.