मिआटाचं इंजिन घेण्याआधी खाचा मोज

बाळा, तुझ्या 1990 च्या माझदा मिआटा गाडीत तू 1992 चं इंजिन बसवणार आहेस. दोन्ही इंजिनं 1.6 लिटरची, म्हणून जुन्याचं सगळं 1992 च्या इंजिनाला बसेल असं धरू नकोस. 1991 च्या मध्यात क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक बदललं. क्रँकच्या पुलीवरच्या खाचा मोज: चार म्हणजे जुनं आखूड टोक, आठ म्हणजे नवं लांब. आखूड टोकात बोल्ट सैल झाला की चावीची (पुलीकडचे भाग दांड्यावर पक्के धरणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच झिजते, टायमिंग, म्हणजे वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, सरकतं. इथे इंदूरला छावणीतल्या गॅरेजात मी हेच सांगितलं असतं: अख्खं इंजिन घे, पुली, टायमिंगचं दातेरी चाक अन् बोल्ट त्याचेच ठेव. टॉर्क रेंचशिवाय (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याशिवाय) बोल्ट आवळायचा नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आत्ताच बदल; गाडीत बसवल्यावर तिथे हात नीट पोहोचत नाही. खाचांचा फोटो मामाला पाठव, मगच पैसे दे.