ग्रुपवर 'चकवा' खेळवताय? मग या चुका टाळा

लहानपणी चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळलोय ना आपण सगळे, तर हा त्याचाच मोठा भाऊ. गावात काही जण चकवे, बाकीचे साधे गावकरी, रात्री चकवे गुपचूप एकाला गायब करतात आणि दिवसा सगळं गाव चर्चा करून, मत देऊन संशयिताला खेळाबाहेर काढतं. मूळ खेळ 'माफिया', तो 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राच्या दिमित्री दाविदोव्हने बसवला, मग 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने माफियाच्या जागी माणसाचा लांडगा होणारा आणला. आमच्याकडे लांडग्याची भीती कुणाला वाटणार, पण रात्री पायवाट चुकवून माणसाला गोल गोल फिरवणारा चकवा म्हटलं की मालवणपासून गुहागरपर्यंत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये निम्मी माणसं गावात, निम्मी मुंबई-पुण्यात आणि दोघं दुबईत. पहिले दोन खेळ अर्ध्यातच बंद पडले आणि दोन्ही वेळा मीच सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, होतो. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या खेळात खोटं बोलायचा हक्क खेळाडूंना आहे, सूत्रधाराचा शब्द मात्र दगडासारखा पाहिजे, कारण तो जरा हलला की कुणावर संशय घ्यायचा हेच लोकांना कळेनासं होतं आणि मग ते बोलायचेच थांबतात.

पहिली चूक माणसं मोजायची. जेवढे आले तेवढे घेतले आणि वर पाच-सहा खास भूमिका वाटल्या की कुणाचा मेळ कुणाला लागत नाही. पहिल्यांदा खेळवताय तर 7 जणांत 2 चकवे किंवा 11 जणांत 3 चकवे, एक राखणदार जो रोज रात्री एकाला वाचवतो आणि एक जाणता जो रोज रात्री सूत्रधाराला एकाची खरी ओळख विचारतो, बास. आणि आकडा विषम ठेवा. 11 मध्ये 3 चकवे म्हणजे समोर 8 गावकरी, दिवसा चुकून गावकरी काढला की 7, रात्री एक गेला की 6, परत चुकले तर 5, रात्री 4, तिसऱ्यांदा चुकले की 3 विरुद्ध 3 आणि बरोबरी झाली की चकवे जिंकले. आता बाराव्याला घेतलंत तरी गाव तिसऱ्या चुकीलाच हरतं, फक्त मधे एक रात्र वाढते, राखणदाराने कुणाला वाचवलं तर हिशोब बदलतो ते वेगळं. तो बारावा हौशी असेल तर त्याला राखीव ठेवा, राखीव माणूस लागतोच लागतो.

का लागतो, तर पावसाळा. मासेमारी बंद असते, लोक घरी असतात म्हणून आम्ही जूनमध्ये खेळ ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी वादळी पावसात लाईट गेली ती दीड दिवस आली नाही, रेंज पण गेली. 11 पैकी 4 जण गप्प, त्यातला एक चकवा, आणि इकडे मुंबईवाले म्हणतायत की गप्प आहेत म्हणजे तेच चकवे. गप्प बसणं हा खेळातला पुरावा असतो, म्हणून रेंज नसल्याने गप्प आणि मुद्दाम गप्प यातला फरक सूत्रधाराने सांभाळायला हवा. आम्ही आता दिवस 48 तासांचा आणि रात्र 24 तासांची ठेवतो, अर्ध्या गावाची लाईट गेली तर घड्याळ थांबवतो, ते कसं आणि किती थांबणार हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. वेळ पण 'रात्रीपर्यंत' अशी लिहू नका, 'रात्री 9:30 भारतीय वेळ' असं लिहा, दुबईचं घड्याळ दीड तास मागे असतं आणि आमचं एक मत त्यातच हुकलं होतं. आणि गणपतीत खेळ अजिबात ठेवू नका, चाकरमानी गावात आलेले असतात, आरत्या-भजनं सोडून फोन कोण बघणार.

मतदान पोलवर घेऊ नका हे मी हात जोडून सांगतो. सोपं वाटतं पण पोलमध्ये मत बदललं की आधी कुणाला दिलं होतं ते दिसत नाही आणि या खेळात तर तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे, कोण कुणावरून शेवटच्या अर्ध्या तासात उठून दुसरीकडे गेलं. साध्या मेसेजमध्ये 'मत: अमुक' लिहायचं, बदलायचं असेल तर नवीन मेसेज, जुना एडिट किंवा डिलीट करायचा नाही. 11 जिवंत असतील तर 6 मतं झाली की तो बाहेर, वेळ संपेपर्यंत 6 झाली नाहीत तर कुणीच बाहेर नाही. तुमचा नियम वेगळा असेल तरी चालेल, फक्त खेळ सुरू व्हायच्या आधी सांगा.

आता भूमिका वाटताना. दुसऱ्या खेळात मी 'तू चकवा आहेस' हा मेसेज चुकून मोठ्या ग्रुपवर टाकला, लगेच सगळ्यांसाठी डिलीट केला, पण मेसेज डिलीट झाल्याची खूण राहते आणि तोपर्यंत तिघांनी वाचला होता. मी म्हटलं चालू ठेवूया, तिथेच चुकलं. तेव्हा एकच उपाय, खेळ रद्द करून भूमिका नव्याने वाटायच्या, भले लोक रागावतील. हल्ली मी सगळे मेसेज आधी वहीत लिहितो, प्रत्येकाला सारख्याच लांबीचा पाठवतो आणि सगळ्यांकडून 'मिळालं' असं उत्तर घेतो. सूत्रधाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट दाखवायला पण बंदी पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळे स्क्रीनशॉट टाकून मोकळे होतात.

जाणत्याला चुकीचं उत्तर दिलं गेलं तर? त्याला खाजगीत गुपचूप दुरुस्ती पाठवायची नाही, एवढ्यात त्याने त्यावर गावात भांडण सुरू केलेलं असू शकतं. रात्र संपायच्या आत लक्षात आलं तर दुरुस्त करा, दिवस उजाडल्यावर लक्षात आलं तर ग्रुपवर कबूल करा आणि खेळ थांबवा. बाहेर गेलेल्यांसाठी वेगळा ग्रुप काढा, आमच्या त्या ग्रुपचं नाव 'पिंपळ', आणि तिथलं इकडे काही बोलायचं नाही.

नावांचं पण भान ठेवा. एकाने सुचवलं की वाईट बाजूला वेताळ म्हणूया. अहो, वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा ग्रामदैवत आहे, लोक त्याला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चपला वाहतात, त्याला खलनायक कसं करणार. गावाची राखण करणारा मानतात त्या देवचाराचं पण तेच. आणि मतदानाने बाहेर काढण्याला 'वाळीत टाकणं' हा शब्द तर नकोच नको. कोकणात खरोखरच माणसं वाळीत टाकली गेलीत, त्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराचा कायदा करावा लागला, आपल्या ग्रुपमधल्या कुणाच्या घरी ते घडलेलं असेल तर तो शब्द वाचून त्याला काय वाटेल. आम्ही 'वेशीबाहेर' म्हणतो.

याच कारणाने खेळात खऱ्या आयुष्यातलं काही काढायचं नाही. 'माका उगाच अडकवू नकात' इथपर्यंत ठीक, पण 'तुमच्या घरातले बांधावरून पण असेच खोटे बोलले होते' हे आलं की त्या क्षणी खेळ थांबवायचा. आमच्याकडे आलं होतं, काका-पुतण्यामध्ये. मी दोघांना वेगवेगळा फोन केला, मेसेजवर नाही केला, पुतण्याने काकांची माफी मागितली आणि दोघं दुसऱ्या दिवशी परत खेळायला बसले.

खेळ संपला की त्याच रात्री सगळ्या रात्रींचा हिशोब ग्रुपवर टाका, चकव्यांनी कुणाला निवडलं, राखणदार कुठे होता, जाणत्याने कुणाला विचारलं, सगळं. मागच्या वेळी राखणदाराने सलग दोन रात्री बरोबर माणूस वाचवला होता आणि गावाला ते कुणी वाचवलं तेच माहीत नव्हतं, हिशोब आल्यावर रात्री साडेबारापर्यंत सगळे त्या आत्याबाईंचंच कौतुक करत होते.